कासवांनी चरून संपवलेली कुरणे: लक्षद्वीपच्या समुद्री गवताचे प्रकरण

समुद्री गवताची कुरणे कुठे कमी झाली की कारणांची एक ठरावीक यादी पुढे येते. बंदरासाठी केलेला गाळउपसा, बोटींचे नांगर, तळ खरवडणारी ट्रॉल जाळी, सांडपाणी आणि त्यावर माजणारे शेवाळ, नद्यांनी आणलेला गढूळपणा, तापत चाललेले पाणी. यादी चुकीची नाही. जगातील बहुतेक कुरणे याच कारणांनी गेली आहेत. लक्षद्वीपच्या लगूनमध्ये, म्हणजे प्रवाळाच्या कड्याने आडोसा दिलेल्या उथळ पाण्यात, मात्र गेल्या सुमारे दोन दशकांत एकामागून एक कुरण ओसाड पडले, ते या यादीत न बसणाऱ्या कारणाने. ती कुरणे हिरव्या समुद्री कासवांनी चरून संपवली. हे कासव वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या अनुसूची १ मध्ये आहे, म्हणजे कायद्याच्या दृष्टीने त्याची पायरी वाघाच्या बरोबरीची आहे. ज्या गवतावर ते जगते त्या गवतालाही भारताच्या किनारी नियमनात संवेदनशील परिसंस्थेचा दर्जा आहे. दोन संरक्षित घटकांपैकी एकाने दुसऱ्याला संपवले, तेव्हा पाहणी करणाऱ्याने नेमके काय मोजायचे आणि राखण करणाऱ्याने कोणाला कोणापासून राखायचे, हा या प्रकरणातील पेच आहे.

स्थळ आणि वनस्पती

केरळच्या किनाऱ्यापासून साधारण २०० ते ४४० किलोमीटर अंतरावर अरबी समुद्रात पसरलेल्या लक्षद्वीपमध्ये सरकारी नोंदीनुसार ३६ बेटे आहेत. त्यांपैकी १० बेटांवर वस्ती आहे आणि सर्वांची मिळून जमीन अवघी ३२ चौरस किलोमीटर भरते. याउलट लगूनचे क्षेत्र सुमारे ४,२०० चौरस किलोमीटर आहे. बहुतेक कंकणद्वीपांत, म्हणजे लगूनला कंकणासारखे वेढणाऱ्या प्रवाळद्वीपांत, बेट पूर्वेच्या कडेला आणि लगून पश्चिमेला असते. या लगूनच्या वाळूत, बेटाच्या किनाऱ्याला लागून, समुद्री गवताची कुरणे पसरलेली होती.

समुद्री गवत हे शेवाळ नव्हे. ती सपुष्प वनस्पती आहे. तिला मुळे असतात, वाळूखाली आडवे धावणारे खोड असते, शिरा असलेली पाती असतात, आणि तिचे परागणही बहुधा पाण्याखालीच होते. जगभर तिच्या जेमतेम ७० च्या आसपास जाती आहेत. लक्षद्वीपमध्ये थॅलेशिया हेम्प्रिची आणि सायमोडोसिया रोटुंडाटा या दोन जाती कुरणाचा मुख्य भाग बनवत. त्यांच्या जोडीला हॅलोड्यूल युनिनर्व्हिस, सिरिंगोडियम आयसोएटिफोलियम आणि लहान अंडाकृती पानांची हॅलोफिला ओव्हॅलिस आढळत. या जातींचा स्वभाव वेगवेगळा आहे, आणि पुढे काय घडले हे समजण्यासाठी तो ध्यानात ठेवावा लागतो. थॅलेशियाचे खोड जाड असते, ते हळू पसरते, पण त्यात पिष्टाचा मोठा साठा राहतो. सायमोडोसिया त्यापेक्षा चपळ आहे. हॅलोफिला आणि हॅलोड्यूल या मोकळ्या वाळूवर पहिल्यांदा येणाऱ्या जाती. त्या लवकर येतात आणि तितक्याच लवकर जातात.

पात्याची वाढ टोकाकडून होत नाही, बुडाकडून होते. टोकाचा भाग सर्वांत जुना, कठीण आणि बारीक शेवाळाने माखलेला असतो. वरचा भाग खुडला तरी खालून पाते पुन्हा वर येते, म्हणून हे गवत मुळात चराई सोसण्यासाठीच घडलेले आहे असे म्हटले तरी चालेल. अडचण चराईची नसते. दोन चरण्यांमध्ये गवताला मिळणाऱ्या उसंतीची असते.

बेटांवरील माणसांच्या दृष्टीने या कुरणाचे काम दुहेरी होते. एक म्हणजे ते वाळू धरून ठेवते, आणि समुद्रसपाटीपासून जेमतेम काही मीटर उंच असलेल्या बेटाला हे काम लहान नाही. दुसरे म्हणजे त्याच्या आडोशाने मासे वाढतात. लक्षद्वीपची मोठी मासेमारी कुप्याची, म्हणजे ट्यूनाची, आहे. ती काठी आणि गळाने केली जाते आणि तिला लागणारे आमिषाचे जिवंत बारीक मासे लगूनमधून आणि प्रवाळाच्या आसपासून पकडले जातात. घरच्या कालवणाचा मासाही बराचसा लगूनमधलाच असतो, आणि गवतात चरणाऱ्या व दडणाऱ्या जातींचा त्यात मोठा वाटा असतो.

तक्रार आधी, मोजणी नंतर

या प्रकरणात बदल सर्वांत आधी कोणी टिपला, याचे उत्तर वैज्ञानिकांना फारसे मानाचे नाही. अगत्ती बेटावरील मासेमार कासवांविषयी कुरकुर करत होते. कासवे जाळी फाडतात, त्यांच्या वावराने मासे पांगतात, आणि ती गवत खाऊन टाकतात म्हणून लगूनमध्ये मासा राहिलेला नाही, असे त्यांचे म्हणणे होते. अशी तक्रार कानावर आली की संरक्षणाच्या क्षेत्रातील माणसाची पहिली प्रतिक्रिया सावध होण्याची असते, कारण संरक्षित प्राण्यावर खापर फोडणे ही सर्वत्र आढळणारी गोष्ट आहे आणि घटत्या मासळीला बहुतेक वेळा अतिरेकी मासेमारीच जबाबदार असते. येथे मात्र नेचर कॉन्झर्वेशन फाउंडेशन या संस्थेच्या संशोधकांनी, त्यांत रोहन आर्थर आणि तेरेसा अल्कोव्हेरो हे प्रमुख होते, ती तक्रार बाजूला न सारता तिच्या प्रत्येक दुव्याची वेगळी तपासणी केली. कासवे खरोखर जास्त आहेत का, त्यांच्यामुळे गवत बदलते का, आणि गवत बदलल्याने मासे कमी होतात का, असे तीन प्रश्न त्यातून निघाले.

पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे मांडणारा शोधनिबंध २०१० मध्ये ‘बायॉलॉजिकल कॉन्झर्वेशन’ या नियतकालिकात आला. पुढच्या काही वर्षांत मासे आणि मासेमार यांच्या बाजूचा अभ्यास झाला आणि २०२१ मध्ये त्याच नियतकालिकात साऱ्या द्वीपसमूहाचे चित्र मांडले गेले. तक्रारीतील मुख्य साखळी, म्हणजे कासव, गवत आणि मासा यांचा एकमेकांशी असलेला संबंध, टिकून राहिली. मासेमारांच्या म्हणण्याला इतक्या पद्धतशीरपणे कसाला लावले जाण्याची उदाहरणे आपल्याकडे विरळा आहेत, आणि माझ्या मते या प्रकरणाचे निम्मे मोल त्यातच आहे.

काय मोजायचे

कुरणाची पाहणी म्हटली की पहिला आकडा मागितला जातो तो क्षेत्रफळाचा. तो मिळवणे आता अवघड राहिलेले नाही. अमेरिकेच्या लँडसॅट उपग्रहांच्या प्रतिमा ३० मीटरच्या तपशिलाने १९८० च्या दशकापासून उपलब्ध आहेत आणि २००८ पासून त्या विनामूल्य आहेत. युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहांचा तपशील १० मीटरचा आहे. भारताच्या रिसोर्ससॅट उपग्रहांवरील लिस-४ हा संवेदक ६ मीटरपेक्षाही बारीक पाहतो. लक्षद्वीपमध्ये उपग्रहाला एक मोठी सोय मिळते. प्रवाळाची वाळू पांढरीशुभ्र, पाणी नितळ आणि गवत गडद असल्यामुळे दोहोंतील फरक ठळक उठून दिसतो. कासवे वाढण्यापूर्वीची पाहणी कोणी करून ठेवलेली नसताना जुन्या प्रतिमांतून कुरणांचा पूर्वीचा पसारा शोधता येतो, हा या सोयीचा सर्वांत मोठा फायदा.

तरीही या मार्गाला मर्यादा आहेत. तांबडा प्रकाश पहिल्या काही मीटरांतच पाण्यात शोषला जातो, त्यामुळे जमिनीवरील हिरवळ ओळखण्याच्या नेहमीच्या पद्धती येथे निकामी ठरतात आणि निळ्या-हिरव्या पट्ट्यांवर विसंबावे लागते. पावसाळ्याचे महिने ढगांमुळे जवळजवळ वाया जातात. मेलेल्या प्रवाळाच्या तुकड्यांवर चढलेले शेवाळ गवताइतकेच गडद दिसते, म्हणून नकाशातील प्रत्येक गडद डाग प्रत्यक्ष पाण्यात उतरून पडताळावा लागतो. आणि या प्रकरणाच्या दृष्टीने सर्वांत गंभीर मर्यादा अशी की, बोटभर उंचीवर सतत खुडले जाणारे पण जिवंत असलेले कुरण आणि दोन वर्षांत मरणार असलेले कुरण उपग्रहाला सारखेच दिसू शकते. प्रतिमेत कुरण फिके होते तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो.

पाण्यात उतरून करायच्या मोजणीची रूढ पद्धत सर्वत्र जवळपास एकच आहे. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँडमध्ये १९९८ मध्ये सुरू झालेल्या सीग्रास-वॉच या उपक्रमाची मांडणी अनेक देशांत वापरली जाते. परस्परांपासून २५ मीटर अंतरावर ५० मीटर लांबीच्या तीन दोऱ्या टाकायच्या, प्रत्येक दोरीवर दर ५ मीटरला अर्धा मीटर बाजूची चौकट ठेवायची, आणि अशा ३३ चौकटींत गवताने व्यापलेला भाग, जाती, पात्यांची उंची, शेवाळाचे प्रमाण आणि वाळूचा पोत नोंदवायचा. ही पद्धत स्थानिक लोकांना थोड्या प्रशिक्षणाने जमते आणि वर्षानुवर्षे एकाच जागी करता येते, हा तिचा मोठा गुण आहे. परंतु व्यापलेल्या भागाची टक्केवारी हा तिच्यातील सर्वांत लोकप्रिय आकडा चराईच्या बाबतीत फसवतो. चराई वाढू लागते तेव्हा फुटव्यांची संख्या काही काळ टिकून राहते. घटतात ती पात्यांची लांबी आणि रुंदी. वरून पाहणाऱ्याला हिरवळ तशीच वाटते, पण तिच्यात मासोळीला दडण्याजोगी उंची उरलेली नसते. म्हणून जेथे चरणारा प्राणी मोठा आणि संख्येने बराच आहे तेथे पात्यांची उंची टक्केवारीच्या आधी पाहावी.

त्याही पुढे जाऊन या प्रकरणाचा निर्णायक आकडा कोणता, असे विचारले तर तो म्हणजे रोजची वाढ आणि रोजचे खाणे यांचे गुणोत्तर. वाढ मोजण्याची पद्धत साधी आणि चिकाटीची आहे. फुटव्याच्या बुडाशी सर्व पात्यांतून आरपार एक सुई टोचतात. जुने, वाढ थांबलेले बाहेरचे पाते आपल्या जागी राहते, कोवळी पाती मात्र वर सरकतात आणि त्यांच्यावरील छिद्रही त्यांच्याबरोबर वर जाते. आठ-दहा दिवसांनी फुटवा काढून या दोन छिद्रांतील अंतर मोजले की तेवढ्या दिवसांची वाढ हाती येते. खाणे मोजण्यासाठी पात्यांचे कापले गेलेले शेंडे पाहावे लागतात. कासव पाते सरळ, स्वच्छ कापते; पोपटमाशासारख्या माशाचा चावा अर्धगोल असतो. हे दोन्ही वेगळे ओळखता आले की कोणी किती खाल्ले याचा हिशेब मांडता येतो.

याला जोड लागते ती कुंपणाच्या प्रयोगाची. कुरणाच्या एका तुकड्यावर जाळीचा पिंजरा बसवायचा, शेजारचा तेवढाच तुकडा उघडा ठेवायचा आणि दोहोंतील फरक महिनोन्‌महिने पाहायचा. ऐकायला हे सोपे वाटते, पण पिंजरा स्वतःच परिणाम घडवतो. जाळी सावली पाडते, तिच्यावर शेवाळ चढते, पाण्याचा प्रवाह मंदावतो. त्यासाठी केवळ छत असलेले आणि बाजू मोकळ्या ठेवलेले पिंजरेही बसवावे लागतात. कासव त्यांच्या खाली शिरून चरू शकते पण सावली मात्र तेवढीच पडते. हा तिसरा प्रकार नसेल तर पिंजऱ्यातील गवताच्या वाढीवरून काढलेल्या निष्कर्षावर मी तरी भरवसा ठेवणार नाही.

कासवांची गणना बोटीतून होते. ठरलेल्या रेषांवर संथ वेगाने जात दोन्ही बाजूंच्या ठरावीक पट्ट्यात दिसणारी कासवे मोजतात. वारा पडलेला असावा, वेळ आणि भरतीची अवस्था दर खेपेला सारखी असावी. बुडालेली काही कासवे सुटतातच, म्हणून या आकड्याला शिरगणती न समजता निर्देशांक समजावे. एका लगूनची तुलना दुसऱ्याशी आणि एका वर्षाची पुढच्या वर्षाशी करायला तो पुरेसा आहे.

काय घडत गेले

कासवे विरळ असतात तेव्हा त्यांची चराई कुरणाला उपकारकही ठरू शकते. हिरवे कासव एकाच तुकड्यावर पुन्हा पुन्हा येते, जुने कठीण शेंडे कापून टाकते आणि मागाहून फुटणारी कोवळी, नत्राने समृद्ध पाती खाते. एक तुकडा थकला की ते दुसऱ्याकडे वळते आणि पहिला सावरतो. जणू मळेवाल्याने पाळीपाळीने वाफे मोडावेत, तशी ही रीत आहे.

अगत्तीच्या लगूनमध्ये ही पाळी मोडली. २००० नंतरच्या दशकात तेथे कासवांची दाटी इतकी झाली की थकलेल्या तुकड्याला सावरायला वेळच मिळेना. सतत खुडल्या जाणाऱ्या पात्यांकडून पुरेसे अन्न तयार होत नाही, म्हणून फुटवा वाळूखालच्या खोडातील साठा काढून नवे पाते उभे करतो. तेही खाल्ले जाते. साठा आटतो, नवी पाती अरुंद आणि आखूड येतात, फुलोऱ्यापर्यंत मजल जात नाही, आणि शेवटी फुटवा मरतो. थॅलेशियाची सद्दी प्रथम ओसरली आणि तिच्या जागी वाढीला चपळ असलेल्या सायमोडोसियाचे प्रमाण वाढले. क्षेत्रफळाच्या नकाशात या टप्प्यावर फारसे काही बदललेले दिसले नसते. पण जातींची अशी अदलाबदल म्हणजे कुरणाने राखीव साठ्याला हात घातल्याची खूण असते, आणि ती नोंदवणारी पाहणी धोक्याची सूचना उपग्रहाच्या बरीच आधी देऊ शकते.

नंतर जे घडले त्याने प्रकरणाची व्याप्ती बदलली. अगत्तीचे कुरण खंगल्यावर तेथील कासवांची दाटी ओसरली आणि इतर बेटांच्या लगूनमध्ये ती वाढत गेली. कवरत्ती, कडमत यांसारख्या बेटांची कुरणेही मग त्याच वाटेने गेली. २०२१ च्या निबंधात या क्रमाला एकामागून एक होणारी अतिचराई म्हटले आहे आणि तिचा परिणाम म्हणून साऱ्या द्वीपसमूहातील कुरणे कार्यदृष्ट्या नामशेष झाली असा निष्कर्ष काढला आहे. कार्यदृष्ट्या हा शब्द तेथे जाणीवपूर्वक योजलेला आहे. गवताचे तुरळक फुटवे अजून सापडतील, पण वाळू धरणे, मासे वाढवणे, सेंद्रिय कार्बन गाळात गाडून ठेवणे ही कुरणाची कामे थांबली आहेत.

एकेका लगूनची स्वतंत्र पाहणी करणाऱ्याला हे चित्र दिसले नसते. त्याने अगत्तीतील घट नोंदवली असती, कदाचित तेथे कासवे कमी झाल्याचे पाहून परिस्थिती सुधारते आहे असेही म्हटले असते, आणि त्याच वेळी शेजारच्या बेटावर कासवांची वाढ ही संरक्षणाची यशोगाथा म्हणून नोंदली गेली असती. दोन्ही नोंदी अचूक असूनही निष्कर्ष उलटा निघाला असता. चरणारा प्राणी जेवढ्या प्रदेशात हिंडतो तेवढा प्रदेश पाहणीचा एकक असावा लागतो. लक्षद्वीपमध्ये तो एकक म्हणजे सारा द्वीपसमूह.

यात प्रवाळाचीही एक बाजू आहे. लक्षद्वीपच्या प्रवाळाला १९९८, २०१० आणि २०१६ या वर्षांच्या उष्णलाटांनी मोठे तडाखे दिले. लाटांचा जोर मोडणारा कडा दुबळा होत असतानाच आतल्या वाळूला धरणारे गवतही जावे, ही बेटांच्या दृष्टीने दुहेरी हानी आहे.

कासवे वाढली कशी

लक्षद्वीपमध्ये कासवाचे तेल लाकडी होड्यांना लावण्याची प्रथा होती आणि त्यासाठी कासवे मारली जात. कायद्याने बंदी आली, होड्यांची बांधणी बदलली आणि तेलाची गरज ओसरली. कासव प्रौढ व्हायला दोन-तीन दशके किंवा त्याहून अधिक काळ लागतो, म्हणून किनाऱ्यावर वाचवलेल्या अंड्याचा परिणाम कुरणावर दिसायला एक पिढी जावी लागते. १९७० च्या दशकातील संरक्षणाची फळे २००० च्या आसपास दिसावीत हे या हिशेबात बसते. जागतिक पातळीवरही हेच चित्र आहे: ऑक्टोबर २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने हिरव्या कासवाला आपल्या लाल यादीतील संकटग्रस्त वर्गातून काढून किमान चिंतेच्या वर्गात आणले.

दुसऱ्या बाजूने कासवांचा शत्रू घटला. मोठे शार्क, विशेषतः वाघशार्क, प्रौढ कासवाची शिकार करू शकतात. ऑस्ट्रेलियातील शार्क बे येथील दीर्घ अभ्यासांनी दाखवले आहे की अशा शार्कच्या नुसत्या वावरानेही कासवे आणि ड्युगाँग (समुद्री गवत खाणारा सस्तन प्राणी) कुठे आणि किती वेळ चरतात हे बदलते. म्हणजे शार्क चराईची जागा आणि वेळही ठरवतो. हिंदी महासागरात शार्कची मासेमारी भरमसाट झाली आहे, आणि भय उरले नाही की कासव सर्वांत चांगल्या तुकड्यावर ठाण मांडून बसते.

येथे एक गंभीर आक्षेप घेतला जातो आणि तो टाळून पुढे जाणे योग्य नाही. शिकार सुरू होण्यापूर्वी जगात कासवे आजच्या कितीतरी पट होती. तेव्हा आखूड, चरलेले कुरण हीच मूळ स्थिती असावी आणि आपण ज्याला निरोगी म्हणतो ते उंच, दाट कुरण हीच कासवे मारल्याने निर्माण झालेली विकृती असावी. आक्षेपात तथ्य आहे. परंतु आखूड कुरण आणि नसलेले कुरण यांत फरक आहे. पूर्वी कासवांना हिंडायला विस्तीर्ण कुरणे होती, त्यांच्या मागे शार्क होते, आणि एक कुरण सोडून ती दुसरीकडे गेली तर पहिले सावरेपर्यंत परत न येण्याइतका वाव होता. आज कासवे परतली आहेत, बाकीचे काहीच परतलेले नाही.

लक्षद्वीप यात एकटे नाही. इंडोनेशियातील देरावान बेटांच्या संरक्षित क्षेत्रात पाती संपल्यावर कासवांनी वाळू उकरून आडवी खोडेच खायला सुरुवात केल्याचे २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. खोड गेले की कुरणाच्या परतण्याचा आधारच जातो. बर्म्युडामध्ये तर लहान कासवे मारण्याविरुद्धचा कायदा १६२० मध्येच झाला होता. तेथेही अलीकडच्या दशकांत अतिचराईने कुरणे ओसाड पडली आणि उरलेल्या पट्ट्यांवर पिंजरे बसवण्याचा मार्ग स्वीकारला गेला.

करता येण्याजोगे काय

किनारी नियमन या बाबतीत फारसे कामाचे नाही. ते बांधकाम, गाळउपसा, सांडपाणी यांना आवर घालते, आणि लक्षद्वीपला लागू झालेल्या २०११ च्या बेट संरक्षण क्षेत्र अधिसूचनेचा रोखही माणसाच्या कामांकडेच आहे. ते आवश्यक आहेच, कारण चराईने खंगलेले कुरण नांगराचा आणि गढूळ पाण्याचा मार मुळीच सोसू शकत नाही. पण चरणाऱ्याला कुरणातून बाहेर काढण्याची सोय त्यात नाही.

ती सोय शोधली तर वन्यजीव अधिनियमाच्या कलम १२ पाशी येऊन थांबावे लागते. त्यात वैज्ञानिक व्यवस्थापनासाठी परवानगी देता येते आणि प्राण्यांचे योग्य अधिवासात स्थलांतर किंवा त्यांना न मारता केलेले संख्येचे नियमन असा त्याचा अर्थ कायद्यानेच सांगितला आहे. अनुसूची १ मधील प्राण्यासाठी केंद्र सरकारची पूर्वपरवानगी लागते. कागदावर वाट मोकळी असली तरी व्यवहारात ती फोल आहे. समुद्री कासवांची दिशाज्ञानाची क्षमता सर्वश्रुत आहे. शेकडो किलोमीटर दूर सोडलेले कासव आपल्या चराईच्या जागी परत येण्याची शक्यता मोठी, आणि जेथे नेऊन सोडायचे तेथील कुरणाने काय पाप केले आहे, हाही प्रश्न उरतोच.

शार्कचे संरक्षण करावे हे निर्विवाद, पण वाघशार्क उशिरा प्रौढ होतो आणि त्याची संख्या सावरायला दशके लागतील. कुरणाजवळ तेवढा वेळ नाही. काहीही न करता थांबावे, कासवे उपासमारीने पांगतील आणि गवत आपोआप परत येईल, हे म्हणणे खोडांचा साठा शिल्लक असेल तेथे पटण्यासारखे आहे. खोडे मेली, वाळू सरकू लागली, जवळपास बियाण्याचा स्रोत उरला नाही, तर हॅलोफिलासारख्या पहिल्यांदा येणाऱ्या जातींच्या पातळ थरापलीकडे काही येईल असे गृहीत धरता येत नाही. आणि तो थर आला तरी पहिले परतणारे कासव तो खाऊन टाकेल.

म्हणून माझा कौल कुंपणाला आहे, मात्र कुरणे वाचवण्याचा उपाय म्हणून नव्हे, तर बियाणे राखण्याचा उपाय म्हणून. साऱ्या लगूनला चराईबंदी करणे अशक्य आहे आणि इष्टही नाही. निरनिराळ्या बेटांवर, जेथे थॅलेशियाची जिवंत खोडे अजून सापडतात तेथे, काही तुकडे राखून ठेवणे शक्य आहे. जागा निवडताना सर्वांत ओसाड तुकडा घेण्याचा मोह होतो. तो टाळून सर्वांत चांगला उरलेला तुकडा घ्यावा, कारण तेथून कुरण बाहेर पसरू शकते. तुकडे एकाच बेटावर असू नयेत, नाहीतर एका वादळात सारा साठा जाईल. कुंपणासाठी सैल जाळे वापरू नये. त्यात अडकलेले कासव श्वास घ्यायला वर येऊ शकत नाही आणि बुडून मरते. ताठ जाळी, माशांना ये-जा करता येईल एवढ्या मोठ्या छिद्रांची, वाळूत खोलवर रोवलेली असावी. तिच्यावर चढणारे शेवाळ ठरावीक दिवसांनी खरवडावे लागेल, आणि हे काम बाहेरून येणाऱ्या संशोधकांकडून वर्षभर होणार नाही. ते बेटावरील मासेमारांना मोबदला देऊन सोपवावे. लगून रोज पाहणारे आणि बदल पहिल्यांदा टिपणारे तेच होते.

कुंपण कधी काढायचे, हे ते उभारतानाच ठरवावे लागते. केवळ आत गवत उंच झाले म्हणून ते काढणे म्हणजे कासवांपुढे ताट वाढून ठेवणे होईल. कुंपणाबाहेरच्या पट्ट्यात, सुईच्या छिद्रांनी मोजलेली रोजची वाढ रोजच्या खाण्यापेक्षा सलग काही हंगाम जास्त राहिली, पात्यांची उंची टिकली आणि त्याच काळात शेजारच्या बेटांवरील कासवांचा निर्देशांक चढत नसेल, तर एका बाजूची जाळी प्रथम काढावी आणि पुढचा पावसाळा सरेपर्यंत उरलेल्या बाजू तशाच ठेवाव्यात.